सिस्टरच्या खोलीतल्या दोन खुर्च्या

'समुपदेशन' हा शब्द मराठीत आता चांगला रुळला आहे, पण त्याच्या पोटात 'उपदेश' जाऊन बसलाय आणि या कामात नेमका तोच करायचा नसतो. उपदेश मुलांना घरी मिळतो, वर्गात मिळतो, सकाळच्या प्रार्थनेच्या रांगेतही मिळतो. शाळेतल्या समुपदेशकाकडे मूल येतं ते कुणीतरी आपलं ऐकून घ्यावं म्हणून. ही समुपदेशक गळ्यात क्रूस घातलेली कॅथलिक सिस्टर असेल, तर गैरसमज दुप्पट होतो. आईबापांना वाटतं, ही पोरीला शिस्त लावेल. पोरीला वाटतं, आता प्रवचन ऐकावं लागणार. प्रत्यक्षात हे काम कसं चालतं, बाई मुळात सिस्टर कशी होते, मग समुपदेशक कशी होते आणि बीरगांवसारख्या गावात तिची गरज का आहे, हे जरा सावकाश सांगायचं आहे.

आधी बीरगांव. रायपूरहून बिलासपूर रस्त्याला लागलं की भनपुरीपाशी शहर संपल्यासारखं वाटतं, आणि तिथेच बीरगांव सुरू होतं. एका अंगाला उरला औद्योगिक क्षेत्र, पुढे उत्तरेला सिलतरा. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या. २०११च्या जनगणनेत गावची वस्ती लाखाच्या घरात गेली होती, आणि आज बीरगांवला स्वतःची महानगरपालिका आहे. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश, झारखंड आणि छत्तीसगढचीच खेडी इथून आलेली कुटुंबं एका-दोन खोल्यांत राहतात. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते, ती झटकतच कपडे आत न्यायचे. घड्याळ कारखान्याच्या पाळीचं असतं. बापाची पाळी बदलली की घराचं जेवण बदलतं, झोप बदलते, आणि पोराचा अभ्यासही.

मराठी वाचकाला हा भाग परका वाटायचं कारण नाही. १८५४पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं. १९५६पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५पासूनचं. चर्चच्या कारभारातही हेच नातं दिसतं. १९६४पर्यंत रायपूरचा कॅथलिक समाज नागपूरच्या धर्मप्रांतात मोडत होता. त्या वर्षी रायपूर वेगळं झालं, १९७३ला त्याला बिशप मिळाले आणि २००४ला ते महाधर्मप्रांत झालं.

आता सिस्टरकडे येऊ. इथल्या हिंदीत कॅथलिक लोक 'बुलाहट' म्हणतात. वसईकडच्या मराठी कॅथलिकांच्या तोंडी 'पाचारण' हा शब्द आहे. दोन्हींचा अर्थ बोलावणं. एखाद्या मुलीला वाटू लागतं की आपलं आयुष्य देवाला आणि लोकांना द्यावं. हे वाटणं खरं आहे का, हे तपासायला चर्चने फार लांबचा रस्ता आखून ठेवला आहे. लोकांना वाटतं, मुलगी रुसली, कॉन्व्हेंटमध्ये गेली आणि संपलं. तसं होत नाही. आधी ती उमेदवार म्हणून सिस्टरांच्या संघात राहते, शिकते, स्वयंपाकघरात आणि बागेत काम करते. मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तालमीचा काळ. चर्चच्या १९८३च्या कायद्याप्रमाणे वयाची सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएटमध्ये घेता येत नाही, आणि तिथे पुरते बारा महिने काढावे लागतात. पहिली व्रतं अठराच्या आत घेता येत नाहीत. ती असतात ठरावीक मुदतीची, एकूण किमान तीन वर्षं. मुदत वाढवत नेली तरी सारी मिळून नऊ वर्षांपलीकडे जाता येत नाही. मग आजीवन व्रतं, तीही एकवीस वर्षांच्या आत नाहीत. या सगळ्या काळात मुलगी 'नको' म्हणून घरी परत जाऊ शकते, आणि संघही तिला 'हे तुझं नाही' म्हणून सांगू शकतो. बारावीनंतर निघालेली मुलगी आजीवन व्रतापर्यंत पोचते तेव्हा तिच्या वर्गमैत्रिणींची लग्नं होऊन मुलं शाळेत जायला लागलेली असतात.

व्रतं तीन: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. या तिन्हींचा समुपदेशनाच्या कामाशी अगदी रोजचा संबंध येतो. दारिद्र्याचं घ्या. चर्चचा नियम असा की सिस्टरने कामातून जे कमावलं ते तिचं नसतं, संघाचं असतं. पगार तिच्या नावे निघाला तरी तो सामायिक खात्यात जातो, आणि चप्पल घ्यायची तरी ती त्यातूनच येते. यावरून मोठा खटलाही चालला. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर म्हणत होते की आम्ही पगार स्वतःकडे ठेवतच नाही, मग त्यातून आयकर कापायचा कशाला? ७ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. पगार व्यक्तीच्या नावे निघतो तेव्हा कर कापला जाणारच, मग ती तो कुणालाही देवो. मला यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. समोर बसलेल्या मुलाच्या घरात फीवरून भांडण चालू असताना त्याच्याशी बोलणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा नाही. ती दानही करू शकत नाही. ती फक्त वेळ देऊ शकते.

व्रत घेतलं म्हणून कुणी समुपदेशक होत नाही. प्रेमळ स्वभाव, प्रार्थनेची सवय, सगळ्यांना 'बेटा' म्हणणं यावर हे काम भागत नाही. संघ तिला शिकायला पाठवतो. आधी पदवी, बहुतेकदा बी.एड., मग मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. शिक्षकांसाठी एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. सहा महिने घरबसल्या अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने आपल्याच शाळेत किंवा आसपास प्रत्यक्ष काम. या शेवटच्या तीन महिन्यांत ती जे शिकते ते पुस्तकात सापडत नाही. आणि एक मर्यादा तिला तिथेच शिकवली जाते: शालेय समुपदेशक म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नव्हे, डॉक्टर तर नाहीच. ती आजाराचं निदान करत नाही, गोळी देत नाही. कुठे थांबायचं आणि कुणाकडे पाठवायचं हे तिला पाठ असावं लागतं.

खोली पाहिली की काम समजतं. चांगल्या समुपदेशकाची खोली मुख्याध्यापकांच्या ऑफिसला लागून नसते, कारण तिथे रांगेत उभं राहिलं की सगळी शाळा बघते. दाराला छातीच्या उंचीवर काचेचा तुकडा असतो. आत काय बोलणं चाललंय ते बाहेर ऐकू जाऊ नये, पण आत दोघं आहेत हे दिसावं, म्हणजे मूलही सुरक्षित आणि सिस्टरही. टेबल भिंतीला सरकवलेलं. खुर्च्या दोन, सारख्या उंचीच्या, आणि एकमेकींच्या अगदी समोर नाहीत. जरा तिरप्या, म्हणजे मुलाला वाटलं तर बघता येतं, नाही वाटलं तर खिडकीकडे नजर लावता येते. घड्याळ मुलाच्या पाठीमागच्या भिंतीवर. सिस्टरने मनगटावरचं घड्याळ पाहिलं तर मुलाला वाटतं आपण नकोसे झालो, म्हणून ही व्यवस्था. टेबलावर कोरे कागद, स्केचपेनांचा डबा, पाण्याची बाटली. कुलूपबंद लोखंडी कपाट, त्यात नोंदींच्या फायली, आणि फायलींवर नाव नसतं, क्रमांक असतो.

आता एक बैठक पाहू. समजा, नववीतली एक मुलगी आहे. शिक्षिकेची चिठ्ठी येते: वर्गात झोपते, गृहपाठ नाही, उलट उत्तरं देते. सिस्टर चिठ्ठी वाचते आणि कपाटात ठेवते, मुलीसमोर काढत नाही. मुलगी आत येते तेव्हा तिची मान खाली असते. पहिलं काम तिला कळू देणं की इथे तिची सुनावणी नाही. इथल्या मुलांच्या तोंडी छत्तीसगढी असते, म्हणून सिस्टरने ती शिकून घेतलेली असते, मग ती स्वतः केरळची असो, झारखंडची असो की वसईची. ''का होगे, बेटा?'' एवढंच विचारते. मुलगी म्हणते, ''मोर मन नइ लागत हे.'' मन लागत नाही.

इथे नवखी सिस्टर चूक करते. ती लगेच विचारते, का बरं लागत नाही, घरी भांडण झालं का, कुणी रागावलं का, मैत्रिणीशी बिनसलं का? प्रश्नांची रांग लागते आणि मूल हो-नाही करत मोकळं होतं. शिकलेली सिस्टर थांबते. ''मन नइ लागत हे'' हेच शब्द ती हळू परत उच्चारते आणि गप्प बसते. दहा सेकंद, वीस सेकंद. शाळेत कुणी मुलासमोर वीस सेकंद गप्प बसत नाही, त्यामुळे तेवढा वेळही फार मोठा वाटतो. मला वाटतं, इथे सिस्टरच्या जीवनाचा खरा उपयोग होतो. नोव्हिशिएटमध्ये ती मौन पाळायला शिकलेली असते, एकही शब्द न बोलता तासभर बसायची तिला सवय असते. शांततेची तिला भीती वाटत नाही. बाकीचं सगळं अभ्यासक्रमात शिकता येतं, हे मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीनेच अंगात येतं.

मग मुलगी बोलते. बाप रोलिंग मिलमध्ये. या आठवड्यात रात्रपाळी, पुढच्या आठवड्यात दुपार, मग सकाळ. खोली एकच. बाप सकाळी येऊन झोपतो तेव्हा दिवा लावायचा नाही, आवाज करायचा नाही. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात तो रात्री उशिरा येतो, तेव्हा उठून भाकरी करायची, कारण आई पहाटे दुसरीकडे कामाला जाते. धाकटा भाऊ रडतो. मुलगी आळशी नाही आणि उद्धटही नाही. तिची झोपच झालेली नाही.

सिस्टर 'लवकर झोपत जा' म्हणत नाही. ती एक कागद घेते आणि त्यावर तीन रकाने आखते: सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी. पेन मुलीच्या हातात देते. कुठल्या आठवड्यात किती वाजता घर शांत असतं, ते मुलगीच भरते. भरता भरता तिला दिसतं की रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळचे दोन तास तिचे आहेत, दुपारपाळीच्या आठवड्यात मात्र एकही नाही. त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर वाचनालयात तासभर बसता येईल का, हे मुख्याध्यापकांना विचारायचं सिस्टर अंगावर घेते. आणि उठण्याआधी एक प्रश्न विचारते, तो फार महत्त्वाचा: ''वर्गशिक्षिकांना यातलं किती सांगू?'' मुलगी म्हणते, ''झोप नाही झाली एवढंच.'' तेवढंच सांगितलं जातं. पाळीचा, खोलीचा, भाकरीचा विषय त्या खोलीबाहेर जात नाही. तो तीन रकान्यांचा कागद मुलगी घडी करून दप्तरात ठेवते. त्याची दुसरी प्रत निघत नाही.

हे गुपित राखणं सिस्टरला सगळ्यात अवघड जातं, आणि कारण अगदी साधं आहे. बऱ्याच कॉन्व्हेंट शाळांत मुख्याध्यापकही सिस्टरच असतात, आणि दोघी एकाच घरात राहतात, एकाच टेबलावर जेवतात. त्या घरात आज्ञापालनाचं व्रत आहे, आणि वरिष्ठ सिस्टरने सहज विचारलं, ''ती नववीतली आज आली होती ना, काय म्हणाली?'' तर? मुलांना हे बरोबर कळतं. सिस्टरला सांगितलं की प्रिन्सिपॉलपर्यंत जातं, असं एका मुलाला वाटलं की आठवड्याभरात त्या खोलीकडे कुणी फिरकत नाही. म्हणून जाणते संघ नियम करतात: नोंदी शाळेतच राहतात, कॉन्व्हेंटमध्ये येत नाहीत, जेवणाच्या टेबलावर कुठल्याही मुलाचं नाव निघत नाही, अवघड बाबतीत सल्ला लागला तर तो संघाबाहेरच्या मानसशास्त्रज्ञाकडून घेतात. आज्ञापालन म्हणजे मुलाचं मन वरिष्ठांपुढे उघडं करणं नव्हे, हे दोघींनीही आधी मान्य केलेलं असावं लागतं. ज्या शाळेत ते मान्य नाही तिथे समुपदेशकाची पाटी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोंधळ. लोकांना वाटतं, हे कन्फेशनसारखं आहे. तसं नाही. पापनिवेदन फक्त धर्मगुरू ऐकू शकतात, सिस्टर ऐकू शकत नाही. धर्मगुरूला ते गुपित कुणालाही सांगता येत नाही, हा चर्चचा नियम. समुपदेशक सिस्टरचं गुपित मात्र बिनशर्त नसतं, आणि हे तिने पहिल्याच भेटीत मुलाला साध्या शब्दांत सांगायचं असतं: तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्या शरीराशी गैर वागत असेल, तर मला मदत आणावी लागेल. आणताना तुला आधी सांगेन.

शेवटच्या बाबतीत कायदा अगदी पक्का आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि त्या वेळी तिने गणवेशात नसावं. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. सिस्टरचं काम चौकशी करणं नाही. 'नक्की काय झालं, कधी, कसं' असं खोदून विचारायचं नाही. मुलाने जे शब्द वापरले तेच लिहायचे, तारीख-वेळ टाकायची आणि कळवायचं. 'शाळेचं नाव जाईल', 'त्या काकांचं घर मोडेल', 'आधी फादरना विचारू' या वाक्यांसाठी कायद्यात जागा नाही. चर्चच्या संस्था जगभर हा धडा फार उशिरा आणि मुलांच्या दुःखाच्या किमतीवर शिकल्या आहेत, म्हणून सिस्टरच्या खोलीत त्याची आठवण सगळ्यात जास्त ठेवायला हवी.

धर्माबद्दलही सरळ बोललं पाहिजे. बीरगांवच्या वर्गात हिंदू, सतनामी, मुस्लिम, आदिवासी, ख्रिस्ती अशी सगळी मुलं बसतात. घटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा काढायचा हक्क देतं. कलम २८ सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही. समुपदेशनाच्या खोलीत नियम त्याहून कडक हवा: तिथे प्रार्थना नाही, बायबलची ओळ नाही, 'येशूवर भरवसा ठेव' नाही. मूल स्वतःच्या देवाचं नाव घेईल तर ते ऐकायचं. सिस्टरची श्रद्धा तिला त्या खुर्चीत बसवते, पण ती श्रद्धा समोरच्या खुर्चीतल्या मुलावर लादायची नसते. छत्तीसगढमध्ये ही बाब किती नाजूक आहे हे २५ जुलै २०२५ला दिसलं. दुर्ग रेल्वे स्थानकावर दोन सिस्टरना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. २ ऑगस्टला बिलासपूरच्या एनआयए न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्या आठवड्यात राज्यातल्या किती सिस्टरांनी झगा घालून रेल्वेने जावं की नाही याचा विचार केला असेल, याची कल्पना करून पाहावी. शाळेतल्या समुपदेशकाला अशा संशयावर एकच उत्तर देता येतं: खोलीत घडतं ते इतकं स्वच्छ असावं की उद्या पालकांनी 'काय बोललात' असं विचारलं तर मुलाच्या परवानगीने सारं सांगता यावं.

त्याच २५ जुलैला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता ठेवावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. ही सूचना कशामुळे आली हे आकडे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाने २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली.

या विषयावर एक समज मोडायला हवा. मरणाचा विचार मनात येतो का, असं मुलाला थेट विचारलं तर तो विचार त्याच्या डोक्यात शिरतो, असं बऱ्याच शिक्षकांना वाटतं. तसं होत नाही. उलट मुलाचा जीव हलका होतो, कारण कुणीतरी त्या विचाराचं नाव घेतलेलं असतं. म्हणून सिस्टर आडवळणाने विचारत नाही. ''जगू नये असं वाटतं का?'' पुढे ''काही ठरवलंय का?'' उत्तर 'हो' असेल तर मुलाला एकटं सोडत नाही, पालकांना बोलावते आणि रायपूरच्या मेकाहारा या सरकारी रुग्णालयात किंवा एम्समध्ये मानसोपचार विभागात पाठवते, शक्य असेल तर स्वतः बरोबर जाते. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक पालकांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे साठवते.

सगळी प्रकरणं अशी गंभीर नसतात. 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाला मुळात वाचणं-लिहिणंच जड जातं, हे कित्येकदा या खोलीतच पहिल्यांदा लक्षात येतं. अशी अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली आहे. प्रमाणपत्र मिळालं की सीबीएसईच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त आणि लेखनिकाची सोय मिळते. पुढचं काम खेपा घालण्याचं असतं: बापाला पाळी सोडून दवाखान्यात यायला राजी करणं, फॉर्म भरणं, पुन्हा जाणं. मुलाचं वर्ष अशा खेपांनीच वाचतं.

दहावीच्या वर्षात खोलीत गर्दी होते. 'पुढे काय' हा प्रश्न. शाळेतल्या समुपदेशनाचा उगमच खरं तर इथला. १९०८ साली बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी कामगारवस्तीतल्या तरुणांसाठी केंद्र काढलं. तिथे तरुणाला तीन गोष्टी स्पष्ट करून द्यायच्या: तू कसा आहेस, कामं कुठली आहेत, आणि दोन्हींचा मेळ कुठे बसतो. बीरगांवात हा मेळ घालणं सोपं नाही. बाप म्हणतो, अठराचा झाला की माझ्या ठेकेदाराकडे लावून देतो. सिस्टर बापाला खोटं ठरवत नाही, कारण त्याच मजुरीवर घर चाललंय. ती आयटीआयचा फॉर्म काढते, फिटर-वेल्डरच्या प्रमाणपत्राने त्याच कारखान्यात कसं वेगळं काम मिळतं ते दाखवते. मुलीसाठी नर्सिंग, पॉलिटेक्निक, शिष्यवृत्ती. स्वतःचं बोलावणं ऐकायला जिला इतकी वर्षं लागली, तिने मुलाला एका बैठकीत ठरवायला लावू नये.

सिस्टरच्या कामात 'उद्या' हा शब्द किती महाग पडतो, याची एक गोष्ट महाराष्ट्रात घडली आहे. १९९१ साली पुण्यात होप संस्थेत काम करणाऱ्या सिस्टर लूसी कुरियन यांच्याकडे एक गरोदर बाई आली. नवरा मारून टाकील, आसरा द्या म्हणाली. लूसींनी तिला उद्या यायला सांगितलं. त्या रात्री नवऱ्याने तिला पेटवलं, लूसींनी तिला दवाखान्यात नेलं, पण ती आणि पोटातलं बाळ दोघंही गेली. २ फेब्रुवारी १९९७ला वढू बुद्रुकला त्यांनी अशा बायकांना आसरा देणारं 'माहेर' उभं केलं. शाळेतल्या समुपदेशकाचं दारही याच कारणाने मधल्या सुट्टीत उघडं असावं लागतं. काही मुलं ठरलेल्या वेळी येत नाहीत, ती एकदाच डोकावतात.

शेवटी एक खरी अडचण, आणि ती व्रतातूनच येते. आज्ञापालन म्हणजे बदली. संघाच्या प्रांतप्रमुखांनी सांगितलं की सिस्टर दुसऱ्या गावी जाते, बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत. जूनमध्ये मुलगी त्या दारापाशी येते आणि खुर्चीत दुसरीच कुणी बसलेली असते. ज्या मुलांना आधीच माणसं सोडून गेलेली आहेत, त्यांच्यावर हा घाव मोठा असतो. संघांनी समुपदेशक सिस्टरला निदान तीन-चार वर्षं तरी हलवू नये, आणि हलवायचंच झालं तर वर्ष संपण्याआधी तिला मुलांचा निरोप घेऊ द्यावा, नव्या व्यक्तीशी ओळख करून देऊ द्यावी. काम सोपवताना फायलींतलं काय पुढे द्यायचं, हे त्या त्या मुलाला विचारून ठरवावं.

तुमचं मूल ज्या शाळेत जातं, मग ती कॉन्व्हेंट असो की जिल्हा परिषदेची, तिथे पुढच्या पालकसभेत विचारा: समुपदेशक आहे का, तिची खोली कुठे आहे, आणि तिच्या नोंदी कोण वाचतं? आणि मूल त्या खोलीतून घरी आलं की 'काय सांगितलंस' असं विचारू नका. त्याला जेवायला वाढा.